घाई नसलेल्या माणसांची साखळी

ट्रेव्हर हॅलिवेल या गृहस्थाने अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात कुणालाही 'जरा लवकर करता का' असं म्हटलेलं नव्हतं. पोस्टाच्या रांगेत पुढची बाई खिडकीतल्या कारकुनाला नातवंडांचे फोटो दाखवत बसली, तरी हा मागे उभा राहून कौतुकाने मान डोलवायचा. एकदा दाताच्या डॉक्टरने भलत्याच दाताला हात घातला. 'तोही कधीतरी काढायचाच होता' अशी याने मनाची समजूत घातली आणि निघताना डॉक्टरचे दोनदा आभार मानले. आमच्या एल्डरशॉ गावात अशा माणसाला सज्जन म्हणतात. सज्जन माणसाने वाटेल ते करावं, पण घर बदलू नये.

तरी ट्रेव्हरने घर बदलायचं ठरवलं, आणि त्याला कारण होते सासरेबुवा. जॅनिसचे वडील विल्फ, वय चौऱ्याऐंशी, दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहायचे. त्यांचं न्हाणीघर वरच्या मजल्यावर, आणि ऑक्टोबरात ते जिन्यावरून पडले. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून ते खालच्या खोलीत खुर्चीतच झोपत आणि दिवसातून एकदा दोन्ही हातांनी कठडा धरून वर जात. त्यांना आपल्याकडे आणावं, तर ट्रेव्हरचं घर म्हणजे उभी ठेवलेली काडेपेटी, आणि तिच्यातला जिना तर एका पायाच्या माणसासाठी बांधलेला. शिवाय जॅनिस इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर कामाला. साथ ऐन भरात होती, आपण वडिलांच्या घरात नको ते घेऊन जाऊ, या भीतीने ती त्यांना बाहेर उभी राहून काचेतूनच भेटायची.

"मी मजेत आहे," विल्फ काचेपलीकडून ओरडायचे. "माझ्यासाठी धावपळ करू नका. सावकाश होऊ दे."

मग पिमबाईंचं घर विकायला निघालं. तळमजल्यावर झोपायची खोली, तिला लागून न्हाणीघर आणि मागे हातरुमालाएवढी बाग. किंमत मात्र ट्रेव्हरच्या आवाक्याच्या वीतभर बाहेर होती. पण त्या वर्षी सरकारने घर घेणाऱ्यांना स्टॅम्प ड्युटी माफ केली होती, एकतीस मार्चपर्यंत. माफी मिळाली तर घर आवाक्यात येत होतं, हुकली तर जात होतं. हिशेब इतका सोपा होता की भूगोलाच्या मास्तरलाही कळावा, आणि ट्रेव्हर भूगोलाचाच मास्तर होता.

आता आमच्याकडे घर एकटं म्हणून विकलं जात नाही. ट्रेव्हरचं घर घेणार होती रोवीना टास्कर नावाची बस चालवणारी मुलगी. ट्रेव्हर घेणार पिमबाईंचं, पिमबाई घेणार क्रॅबसाहेबांचं बैठं घर, आणि क्रॅबसाहेब जाणार समुद्रकाठच्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये. हिला साखळी म्हणतात, रोवीना तिच्या खालच्या टोकाला, क्रॅबसाहेब वरच्या. सह्या सगळ्यांनी एका दिवशी करायच्या, सामानही एकाच दिवशी हलवायचं, आणि एकाने पाय मागे घेतला की सगळे आपापल्या जुन्या जिन्यावर. यातली खरी मेख अशी, की या चौघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. ते शिष्टाचाराला धरून नसतं. बोलायचं ते वकिलांनी, आणि तेही पत्राने.

ट्रेव्हरने घर बदलायचं काढलंय हे कळताच शेजारचा केन मागच्या भिंतीवर कोपरं टेकून उभा राहिला, तो जवळजवळ वसंत ऋतूपर्यंत.

"वकील कोण केलायस?" केनने विचारलं.

"मिस फेदरस्टोन. बाई चांगल्या आहेत."

"चांगली बाई काय करायचीय? माझ्या मेव्हण्याचा वकील एवढा हलकट होता की सहा आठवड्यांत काम झालं. आणि काय रे, पिमबाईंच्या घराखाली खाण आहे का बघितलंस?"

ट्रेव्हरने बघितलं नव्हतं. मिस फेदरस्टोननी बघितलं, आणि खाण होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बंद झालेली, घराच्या बरोबर खाली नाही, पण फार दूरही नाही. पुढच्या कागदातून असं निघालं की मध्ययुगातल्या कुठल्याशा दानपत्रानुसार त्या जमिनीच्या मालकावर चर्चच्या छपराची दुरुस्ती करायची जबाबदारी येऊ शकते. त्यासाठी एक विमा असतो म्हणे, तो काढला. तरीसुद्धा चर्चवरून जाताना ट्रेव्हर मान वर करून कौलं मोजू लागला, आणि वादळी हवा सुटली की त्याला झोप येईना.

नगरपालिकेच्या दाखल्याला अकरा आठवडे लागले. ते काम बघणारी एकच बाई होती. ती घरून काम करायची आणि कागद ऑफिसात होते.

या सगळ्यात ट्रेव्हरने स्वतःच्या हाताने एक घोळ घातला. घर विकणाऱ्याला एक फॉर्म भरून द्यावा लागतो. त्यात प्रश्न असतो, 'शेजाऱ्यांशी कधी काही वाद झाला आहे काय?' जगातली सगळी शहाणी माणसं इथे 'नाही' लिहून पुढे जातात. ट्रेव्हरने तीन दिवस विचार केला आणि लिहिलं, 'होय. २०१४पासून, शेजारी केन यांच्या वाऱ्याने वाजणाऱ्या घंट्यांवरून. मनातल्या मनात.'

रोवीनाच्या वकिलाने लगेच पाच प्रश्न पाठवले. वाद अद्याप चालू आहे काय? दुसऱ्या पक्षाला त्याची कल्पना आहे काय? दुसऱ्या पक्षाकडून लेखी जबाब मिळेल काय? तो जबाब मागायला ट्रेव्हर भिंतीपाशी गेला, तेव्हा केनच्या हातातला चहाचा मग तसाच राहिला.

"सात वर्षं?" केन म्हणाला. "सात वर्षं तुला माझ्या घंट्यांचा त्रास होत होता, आणि तू मला दर नाताळात केक देत होतास?"

"केकचा आणि घंट्यांचा काही संबंध नव्हता, केन."

"म्हणजे तो केकही मनापासून नव्हता."

"केक मनापासून होता. आवाज तेवढा... म्हणजे, रात्री वारा सुटला की जरा..."

"बोलायचं होतंस की, बाबा. तोंड दिलंय ना देवाने?"

केनने त्याच संध्याकाळी घंट्या उतरवल्या आणि नऊ दिवस अबोला धरला. आमच्यात वाद नाही असं लिहून द्यायच्या पायी दोघांत पहिला खराखुरा वाद झाला. दहाव्या दिवशी ट्रेव्हर केक घेऊन गेला, घंट्या परत टांगा म्हणून गळ घातली, मग सही मिळाली. घंट्या पुन्हा वाजू लागल्या, आणि ट्रेव्हर आता त्याबद्दल मनातल्या मनातही काही म्हणू शकत नव्हता.

फेब्रुवारी उजाडला तोवर एकूण एक कागद आला होता, फक्त सह्या होत नव्हत्या. ट्रेव्हर आठवड्यातून एकदा, तोही माफी मागून, मिस फेदरस्टोनना फोन करायचा.

"आमच्याकडून सगळं तयार आहे, मिस्टर हॅलिवेल. समोरून कळायची वाट बघतोय."

"नाही, नाही, मी सहजच केला होता. तुमचं चालू द्या."

"अरे, सहज कशाला म्हणालास?" फोन ठेवल्यावर जॅनिस म्हणायची. "एकतीस मार्च काय सहज येणार आहे?"

तेवढ्यात पेपरांतून कुजबुज सुरू झाली की सवलतीची मुदत वाढणार आहे. दुसऱ्या दिवशी छापून आलं की वाढणार नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा वाढणार होती. आमच्या गावात ज्यांनी जन्मात घर घेतलं नव्हतं आणि पुढेही घेणार नव्हते, तेही पावाच्या रांगेत याच विषयावर मतं देऊ लागले. ट्रेव्हरने आपल्या खासदाराला पत्र लिहायला घेतलं. 'आपणांस सवड झाल्यास,' अशी सुरुवात होती, 'आणि अर्थमंत्र्यांना विशेष अडचण होणार नसल्यास, मुदतवाढीचा विचार करता आला तर बरं होईल. न झाल्यास आम्ही समजू शकतो.'

जॅनिसने ते वाचलं. "हे मागणीपत्र आहे की तू सरकारचं सांत्वन करतोयस?"

तरी पत्र गेलं. तीन मार्चला अर्थमंत्री अंदाजपत्रक मांडायला उभे राहिले, तेव्हा हॅलिवेल नवरा-बायको टीव्हीसमोर शेजारी शेजारी, परीक्षेच्या निकालाला बसावं तसे बसले होते. सवलत जूनअखेरपर्यंत वाढली. जॅनिसने ट्रेव्हरच्या गालाचा मुका घेतला. भिंतीपलीकडून केन ओरडला, "मी म्हणत नव्हतो?" तो म्हणत नव्हता. तो बरोबर उलटं म्हणत होता, पण अशा दिवशी कोण काढतं.

ट्रेव्हरने आनंदाच्या भरात मिस फेदरस्टोनना फोन लावला.

"फारच छान झालं," त्या म्हणाल्या. "आता कुणालाच घाई नाही. समोरच्यांचा निरोपही तसाच आहे. जूनमध्ये निवांत सह्या करू."

"अगदी, अगदी," ट्रेव्हर म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर त्याला वाटलं की आपलं काहीतरी चुकलंय, पण काय ते ध्यानात येईना.

ते ध्यानात आलं विल्फच्या खिडकीपाशी. बातमी सांगायला तो एकटाच गेला होता, जॅनिस इस्पितळात कामावर होती. त्याने काचेवर टकटक केली. विल्फ कोट घालून खुर्चीत बसले होते, ते उठून काचेजवळ आले.

"सरकारने मुदत वाढवली, विल्फ," ट्रेव्हर ओरडून म्हणाला. "जूनपर्यंत वेळ आहे."

"जून," विल्फ म्हणाले. त्यांनी मान हलवली. "वा. छान. सावकाश होऊ दे. मला कसली घाई."

एवढं बोलून ते चष्मा पुसायला वळले, आणि ट्रेव्हरला त्यांच्यामागची खोली दिसली. भिंतीवर चित्रं नव्हती, खिळे होते. कपाटाची दारं उघडी आणि फळ्या रिकाम्या. भिंतीला लागून खोकी रचलेली होती, दोरीने बांधलेली, प्रत्येकावर थरथरत्या अक्षरात नाव. टेबलावर एक बशी, एक कप, एक चमचा. एरवी विल्फ पडदा अर्धा ओढून ठेवत, म्हणून हे कधी दिसलं नव्हतं.

"विल्फ, हे सामान कधी बांधलंत तुम्ही?"

म्हाताऱ्याने पडद्याला हात घातला, पण उशीर झाला होता. "नाताळाच्या आधी," ते म्हणाले. "तुमची तयारी झाली आणि माझ्यामुळे अडलं, असं नको व्हायला. जॅनिसला सांगू नकोस हं. तिला उगीच लागेल."

नाताळापासून हा माणूस एका कपावर राहत होता. ट्रेव्हर घरी चालत निघाला तेव्हा त्याला आधी रडू आलं आणि मग राग आला. राग हा प्रकार नवीन असल्यामुळे तो कुणावर काढायचा हे त्याला कळेना. शेवटी त्याने ठरवलं की या साखळीत घोडं कुठे अडलंय ते आपण स्वतः जाऊन बघायचं. शिष्टाचार गेला खड्ड्यात. असं तो मनातल्या मनात म्हणाला, पण म्हणाला.

अडचण एकच. त्या दिवसांत परक्या घरातल्या एकाच माणसाला भेटायची मुभा होती, आणि तीही उघड्यावर. म्हणजे सगळ्यांना एकत्र बोलावून विचारायची सोय नव्हती. साखळीतलं एकेक माणूस गाठून, त्याच्याबरोबर चालत, विचारायला हवं होतं. ट्रेव्हरचा डावा गुडघा या योजनेच्या विरोधात होता.

पिमबाई रोज कुत्रं घेऊन बागेत येतात असं केनने सांगितलं, वेळ मात्र सांगितली नाही. ट्रेव्हरने सकाळी सातपासून बागेला चकरा मारायला सुरुवात केली. सव्वादहाला, अकराव्या चकरेला, पिमबाई दिसल्या, आणि त्याने अचानक भेट झाल्याचा चेहरा केला. तो चेहरा घामाने डबडबलेला होता.

"मिस्टर हॅलिवेल," बाई दचकून म्हणाल्या. "आपण बोललेलं चालतं का?"

"बोलत नाही आहोत. व्यायाम करतोय." तो त्यांच्या बरोबरीने, दोन हातांचं अंतर ठेवून चालू लागला. "मिसेस पिम, तुमची काही अडचण आहे का? घराच्या बाबतीत?"

"माझी?" बाई थांबल्या, कुत्रंही थांबलं. "अहो, मी जानेवारीपासून पियानो विकून बसलेय. नव्या घरात तो मावत नाही. घरात आल्यावर सवयीने तिकडे जाते आणि भिंतीसमोर उभी राहते. मला कधी एकदा निघते असं झालंय."

"मग तुम्ही वकिलाला सांगितलं का नाही?"

"कसं सांगणार? मला निरोप होता की खालच्या बाजूला घाई नाही. मी म्हटलं, बिचाऱ्यांचं काहीतरी अडलं असेल, कुणी आजारी असेल. अशा वेळी आपण तगादा लावणं बरं दिसतं का? मीही सांगून टाकलं, मलाही घाई नाही म्हणून."

क्रॅबसाहेब कालव्याकाठी सापडले. जन्मभर बस डेपोत वेळापत्रकं केलेला माणूस, हातात घड्याळ धरूनच चालत होते. त्यांच्या वेगाने चालताना ट्रेव्हरला प्रश्न अर्धा अर्धा विचारावा लागला.

"मी अकरा डिसेंबरला तयार होतो," क्रॅबसाहेब म्हणाले. "दुपारी दोनला. सामान नेणाऱ्याला आगाऊ रक्कमही दिली होती. पण पिमबाईंना घाई नाही असं कळलं. बाईमाणूस, एकटी, जुनं घर सोडायचं म्हणजे मनाची तयारी व्हायला वेळ लागतो. मी कळवलं, आमच्याकडूनही घाई नाही. इतकी वर्षं लोकांना वेळेवर पोचवलं, साहेब, पण कुणाला ढकललं नाही कधी."

"पण ही घाई नाही, घाई नाही, सुरुवात कुणी केली?"

क्रॅबसाहेबांनी कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढला. असा माणूस पत्रव्यवहाराची प्रत अंगावर बाळगतो. "खालून आलेलं पहिलं पत्र. नोव्हेंबरातलं. बघा."

त्यात मिस फेदरस्टोननी आपल्या अशिलाचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते. 'तारखेबाबत आमचा काहीही आग्रह नाही. आम्हाला मुळीच घाई नाही. सगळ्यांच्या सोयीने, अगदी निवांत होऊ द्यावं. ट्रे. हॅलिवेल.'

ट्रेव्हर कालव्याकाठच्या बाकावर बसला. तारीख कोणती हवी या रकान्यात आपण हे लिहिल्याचं त्याला लख्ख आठवलं. लिहून झाल्यावर किती बरं वाटलं होतं, तेही आठवलं. ते वाक्य चार महिने एका वकिलाकडून दुसऱ्याकडे जात वरच्या टोकाला पोचलं होतं आणि तिथून 'समोरच्यांनाही घाई नाही' असं होऊन त्याच्याकडेच परत आलं होतं. खासदाराला पत्र, सरकारची मुदतवाढ, अकरा चकरा आणि गुडघा, हे सगळं ज्याच्यामुळे झालं तो इसम बाकावर बसून धापा टाकत होता.

"बरं नाही का?" क्रॅबसाहेबांनी विचारलं.

"बरंय," ट्रेव्हर म्हणाला. मग म्हणाला, "नाही. बरं नाही. माझे सासरे नाताळापासून एका कपावर राहताहेत."

क्रॅबसाहेबांनी घड्याळ बंद करून खिशात टाकलं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

घरी येऊन ट्रेव्हरने जॅनिसला सगळं सांगितलं, खोक्यांसकट. मग तिने कॉम्प्युटर त्याच्यापुढे सरकवला. "लिही."

त्याने साखळीतल्या सगळ्या वकिलांना लिहिलं, 'आपणां सर्वांच्या सोयीचा पूर्ण आदर राखून, शक्य झाल्यास, कदाचित...' जॅनिस मागे उभी राहून एकेक शब्द पुसत गेली. उरलं ते असं: 'आम्हाला घाई आहे. वडील वाट बघत आहेत. एप्रिल संपायच्या आत. हॅलिवेल.' 'कृपया'सुद्धा उरलं नव्हतं. बटण दाबताना ट्रेव्हरला अंगात सदरा न घालता रस्त्यावर आल्यासारखं वाटलं.

चाळीस मिनिटांत उत्तरं आली. पिमबाई तयार होत्या. क्रॅबसाहेब तयार होते आणि त्यांनी एकोणतीस एप्रिल, सकाळी साडेनऊ, असं सुचवलं होतं. खालच्या टोकाच्या रोवीनाच्या वकिलाने एका ओळीत कळवलं, 'आमच्या अशिलाचं म्हणणं: एकदाचं कुणीतरी बोललं.' मुदतीला अजून दोन महिने शिल्लक राहतील, हे मिस फेदरस्टोननी जरा नाराजीने नमूद केलं.

एकोणतीस तारखेला पिमबाईंच्या गल्लीत सामानाचे दोन ट्रक समोरासमोर आले. आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही, असं करत दोघेही ड्रायव्हर पाऊण तास मागे सरकत राहिले आणि गल्ली दोन्ही बाजूंनी बंद पडली. शेवटी केनने मध्ये उभं राहून दोघांना शिव्या घातल्या, तेव्हा वाट मोकळी झाली. पिमबाईंनी निघायच्या आधी फरशी तीनदा पुसली. ट्रेव्हर बाहेर फूटपाथवर नव्या घराची किल्ली हातात घेऊन उभा होता, आणि यावेळी त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे उघड उघड बघितलं.

विल्फ दुपारी आले. लसीचे दोन्ही डोस झालेले, तोच कोट. जॅनिसने त्यांना दारात मिठी मारली. वर्षभरानंतर मध्ये काच नव्हती, आणि ती त्यांना सोडेचना. मग ते खोलीत गेले, तिथून न्हाणीघरात गेले, परत आले, पुन्हा गेले. पावलं मोजत होते. "सात," त्यांनी बाहेर येऊन जाहीर केलं. "पायरी एकही नाही."

ते खुर्चीत बसले. जॅनिसने विचारलं, "बाबा, चहा घेणार?"

विल्फच्या पिढीची माणसं या प्रश्नाला हो म्हणत नाहीत. 'तुम्ही करतच असाल तर', 'उगाच त्रास नको', इथपासून सुरुवात होते आणि तीनदा आग्रह केल्यावर अर्धा कप ठरतो. ट्रेव्हर पहिला आग्रह करायला तोंड उघडणार, तेवढ्यात विल्फ म्हणाले, "हवाय. मघापासून हवाय."

जॅनिसने किटली नळाखाली धरली आणि भरून वाहायला लागली तरी ती तशीच धरून उभी राहिली, पाठ फिरवून. ट्रेव्हर कप शोधायला खोकी उघडू लागला.